हातात पुस्तक घेऊन ओलांडायचा उंबरा

थांबा पाहुणे, पाय आत टाकू नका. हा काळा उंबरा रिकाम्या हाताने ओलांडायचा नाही, मग तुम्ही कलेक्टर असा नाहीतर गावचे जावई. त्या टोपलीतलं एखादं पुस्तक उचला, आत नेऊन जागेवर ठेवा, मग खुशाल पंख्याखाली बसा. सगळीकडे गुळगुळीत फरशी आणि दारातच हा टवका उडालेला दगड कसा, हे विचारणारे तुम्ही पहिले नाही.

असं सांगतात की, नूतनीकरणासाठी हे नगर वाचनालय नऊ वर्षं बंद होतं. जन्मलेलं पोर नऊ वर्षांत चौथीत जातं. इथं चार भिंती रंगल्या.

सरकारी दवाखान्यात द्वारकाबाई सोनटक्के नावाच्या नर्स होत्या. अर्धं शहर त्यांच्या हातावर जन्मलेलं. वाचनालय बंद पडलं तेव्हा मधमाश्यांवरचं एक जाडजूड पुस्तक त्यांच्याकडेच राहिलं. दुसऱ्याची वस्तू घरात म्हणजे बाईंच्या घशात माशाचा काटा. नऊ वर्षं त्यांनी ते कडुनिंबाच्या पाल्यात जपलं म्हणे, आणि उद्घाटनाला पदराखाली घेऊन आल्या.

फीत कापली, नावाची संगमरवरी पाटी उघडली, झुंबर पेटलं. समितीचे अध्यक्ष दिगंबर खांडवे पाहुण्यांना कपाटं दाखवू लागले. सोनेरी अक्षरांच्या ओळीच्या ओळी! बाईंनी आपलं पुस्तक जागेवर सरकवायला बोट घातलं, आणि अख्खी ओळ त्यांच्या पायावर कोसळली. पुठ्ठा! नुसता रंगवलेला पुठ्ठा!

"दिगंबर, पुस्तकं कुठायत?"

"आहेत ना बाई, मिरचीच्या गोदामात. कार्यक्रम उरकला की बघू."

"नऊ वर्षं मिरचीत? अरे, जन्मलास तेव्हा तोंड उघडत नव्हतास. पाय धरून उलटा केला, दोन चापट्या दिल्या, तेव्हा रडलास. आता गावासमोर पुन्हा उलटा करू?"

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या तरातरा दाराशी गेल्या आणि जुन्या फरशीतला एवढाच उरलेला हा दगड, त्यावर ठाण मांडून बसल्या. "हे पुस्तक आपल्या भावंडांत जाऊन बसेस्तोवर मी उठत नाही. रिकाम्या हाताने कुणी उंबरा ओलांडला तर तंगडं मोडीन!"

प्रमुख पाहुण्यांना संडासाकडच्या दारानं बाहेर काढावं लागलं म्हणे.

बाई तीन दिवस बसून होत्या. गोदामाचं कुलूप कुणी तोडलं ते कुणालाच ठाऊक नाही, मला तर मुळीच नाही. पण हातगाड्यांतून, घमेल्यांतून, पाळण्यांतून पुस्तकं आली. अख्खं शहर शिंकत होतं. वर्षानुवर्षं वाचनालयाची पुस्तकं दाबून बसलेले सभ्य लोकसुद्धा मान खाली घालून रांगेत उभे! बाई एकेकाच्या हाताकडे बघत आणि मगच गुडघा बाजूला घेत. तिसऱ्या संध्याकाळी कपाटं भरली, तेव्हा कुठे त्या उठल्या आणि मधमाश्यांचं पुस्तक जागेवर ठेवून घरी गेल्या.

आजही इथल्या जुन्या पुस्तकाचं पान उलटलं की शिंक येते. शिंक आली की वाचणारे म्हणतात, "बाई बघतायत हो!" आणि अध्यक्षांच्या नावाची संगमरवरी पाटी? ती आहे की. गावानं उपडी करून इथंच बसवलीय. तुम्ही आत्ता जिच्यावर चपला काढल्यात ना, तीच.