वहीत एकच माणूस

सोमवार, १० जुलै २०२३. सकाळपासून ढगाळ. वारा नाही, उकाडा फार. दुपारी चारपर्यंत पाऊस नाही.

"...मागच्या तीन सालांच्या वह्या नव्यानं लिहिल्या, तर त्यात पाप आहे का, अण्णा?"

मी जिना चढत होतो तेव्हा हा प्रश्न कानावर आला.

विचारणारा भरतेश चौगुले. कुरुंदवाडातल्या दोनशे बारा लहान धंदेवाल्यांचे हिशेब आणि आयकराचे रिटर्न तो करतो. चौकात त्याचं काचेचं ऑफिस आहे. ज्यांना विचारलं ते अप्पासाहेब मगदूम. गाव त्यांना अण्णा म्हणतं. चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलं, आता वय अठ्ठ्याहत्तर. भरतेश एकोणीस वर्षांचा असताना त्यांच्याकडेच शिकायला आला.

माझं झेरॉक्सचं दुकान अण्णांच्या माडीखाली आहे. भरतेशनं टाकलेल्या कागदांच्या प्रती द्यायला मी वर गेलो होतो. अण्णांनी हातानंच बस म्हटलं, म्हणून बसलो.

"कुणाच्या वह्या?" अण्णांनी विचारलं.

"राजमती ऐनापुरेंच्या. बाजारातली पिठाची गिरणी."

"गिरणी धन्यकुमारची होती."

"तेच तर झालंय, अण्णा."

धन्यकुमार ऐनापुरे फेब्रुवारीत वारला. गिरणीचा गाळा भाड्याचा. गाळामालक आता तो विकतोय. किंमत साडेसहा लाख. पहिला हक्क धन्यकुमारच्या बायकोला, राजमतीला दिलाय, मुदत ३१ जुलै. तिच्याकडे दोन लाख आहेत. उरलेल्या साडेचार लाखांसाठी तिनं बँकेत अर्ज केला. बँकेनं भरतेशला बोलावून घेतलं.

"साहेब काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमच्या वहीप्रमाणे गिरणीत एकच माणूस होता. तो वारला. आता गिरणी चालवणार कोण?"

भरतेश गाडीची किल्ली बोटावर फिरवत होता.

"वहीत दुसऱ्या कुणाचा पगार नाही. बाईंच्या नावावर एकही रिटर्न नाही. त्या गिरणीत होत्या ह्याला पुरावा काय, म्हणाला."

दाराशी अण्णांच्या पत्नी, काकू, सुपात जोंधळा निवडत बसल्या होत्या. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांना नीट दिसत नाही. खडा बोटांनी शोधतात.

"पुरावा?" काकू म्हणाल्या. "त्या साहेबाला विचार, भाकरी खातोस का म्हणून."

"काकू, बँकेला भाकरी चालत नाही."

"धन्यकुमारला पीठ सोसत नव्हतं. दम लागायचा. सहा वर्षं बिचारा दाराशी खुर्चीवर बसून होता, सुट्टे पैसे द्यायला. डबे उचलायचे, पट्टा चढवायचा, दगडाला टाकी लावून घ्यायची, सगळं राजमती. नाचणी दळून झाल्यावर जोंधळा तिनं तसाच कधी घातला नाही. आधी पदरची मूठभर ज्वारी घालून जातं धुऊन काढल्यासारखं करायची, मग आपला डबा."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे ते."

"तुला होतं?"

"होतं की. आमचा डबाही तिथंच जातो."

"मग साहेबाला नसलं ठाऊक तर त्याचं काय चुकलं?"

भरतेशनं किल्ली फिरवायचं थांबवलं.

"तुझ्या वहीत चूक आहे का?" अण्णांनी विचारलं.

"एका पैशाची नाही."

हे तो जरा ताठ बसून म्हणाला. बॅगेची चेन उघडून त्यानं तीन वह्या काढल्या आणि अण्णांच्या टेबलावर ठेवल्या. हल्ली सगळे कॉम्प्युटरवर हिशेब ठेवतात. भरतेश ठेवतोच, पण जुन्या गिऱ्हाइकांची वही तो हातानंही लिहितो. अक्षर बघण्यासारखं. रेघेवर बसवलेलं, वेलांटी कमानीसारखी. गावात म्हणतात, मगदूम अण्णांचं अक्षर भरतेशच्या हातात उतरलंय. हे त्याच्या देखत म्हटलं की तो नुसता हसतो.

अण्णांनी वही उघडली नाही. वर हात ठेवला.

"पट्टा बदलला होता?"

"गेल्या साली पाच मे. चौदाशे रुपये. आहे."

"ग्रीस?"

"आहे."

"झाडू?"

"साठ रुपये. दोनदा. आहे."

"झाडणारी?"

खाली रस्त्यावरून एक टेम्पो गेला. त्याचा आवाज पुलापर्यंत ऐकू येत राहिला.

"धन्यकुमारच म्हणाला होता," भरतेश म्हणाला. "घरच्या बाईला पगार दाखवला तर पाव्हणे हसतील."

"आणि तू?"

"मी म्हणालो, बरोबर आहे. कर काही बसत नाहीच. मग दोन माणसांची दोन रिटर्न कशाला?"

"फी दोघांची मिळाली असती तुला."

"घरच्यासारखे होते, अण्णा. त्यांचं काम वाढवलं नाही मी."

"तिला विचारलंस?"

"...त्या आत जात्याजवळ होत्या. गिरणी चालू होती. ऐकू आलं नसतं."

काकूंनी सुपातला एक खडा उचलून दाराबाहेर टाकला. तो जिन्यावरून खाली उड्या मारत गेला.

"म्हणूनच म्हणतो," भरतेश पुढं सरकला. "तीन साल तिचा पगार लिहितो. महिना सहा हजार. जास्त नाही. जुनी कोरी वही मिळते. इचलकरंजीत एकाकडे आहे, मी चौकशी केलीय."

"शाईची केलीस?"

"शाईचं काय?"

"तीही जुनी लागेल."

"थट्टा नको, अण्णा. एकवीस दिवस राहिलेत. गाळा गेला तर बाई रस्त्यावर येईल. आणि खोटं काय त्यात? काम तर तिनं केलंय!"

"केलंय."

"मग?"

"पगार दिला होता?"

"नाही."

"तेव्हा लिहिलं असतंस, तर खरं झालं असतं," अण्णा म्हणाले. "आता लिहिलंस तर खोटं होईल."

भरतेशचा चेहरा लाल झाला. इतक्या वर्षांत त्याला अण्णांपुढं आवाज चढवताना मी पाहिलं नव्हतं.

"हे तुम्ही सांगताय? पहिल्या दिवशी मला काय शिकवलंत? घरच्या माणसाचा पगार लिहायचा नाही. घर निराळं, धंदा निराळा. माझ्या पहिल्या वहीच्या पुठ्ठ्यावर मी ते लिहून ठेवलंय. तुमच्या शब्दाबाहेर एक रेघ मारली नाही मी. दोनशे बारा घरं आहेत माझ्याकडं. कापडवाला, बेकरीवाला, इस्त्रीवाला. सगळ्यांच्या बायका..."

तो मध्येच थांबला.

अण्णांनी खिडकीकडे पाहिलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या घराचा पत्रा होता.

"माळ्यावरची ती वही काढ," ते म्हणाले.

कुठली ते सांगावं लागलं नाही. भरतेश स्टुलावर चढला आणि लाल फडक्यात बांधलेली वही घेऊन उतरला. सन १९८६-८७ ची, अण्णांच्या स्वतःच्या ऑफिसची खातेवही. तो शिकायला आला तेव्हा अण्णांचं काम कॉम्प्युटरवर गेलं होतं. अक्षर सुधारायला त्यांनी ही वही हातात दिली. सहा महिने तो ती गिरवत होता. वही उघडण्याआधी त्यानं ती कपाळाला लावली. दरवेळी लावतो.

"अक्षर कुणाचं?" अण्णांनी विचारलं.

"काय विचारता, अण्णा? तुमचं."

अण्णांनी हात पुढं केला. "पेन दे."

भरतेशनं खिशातलं पेन दिलं. अण्णांनी माझ्या हातातला झेरॉक्सचा एक कागद ओढला, पालथा केला आणि त्यावर सावकाश लिहिलं. राजमती धन्यकुमार ऐनापुरे.

कागद त्यांनी उघड्या वहीशेजारी ठेवला.

मी मान पुढं करून पाहिलं. अक्षरं एकमेकांवर पडत होती. 'ध' आहे की 'घ', कळत नव्हतं. रेघ चढावर निघालेली.

भरतेश कागदाकडे बघत होता. मग वहीकडे. मग परत कागदाकडे.

"हात थरथरतो तुमचा आता," तो म्हणाला.

"थरथरत नाही."

"मग..."

"ह्यांचं अक्षर म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी," दारातून काकू म्हणाल्या. "सांगलीच्या आयकर हापिसातल्या साहेबानं पहिल्याच साली वही परत धाडली होती. म्हणाला, मगदूम, हे कोंबडीनं लिहिलंय का? तवापासनं हे सांगायचे, मी लिहायची. कॉम्प्युटर येईतो लिहिलं."

"किती वर्षं, काकू?" भरतेशनं विचारलं.

"आता कोण मोजतंय? थोरला पोटात होता तवा सुरू केलं. धाकटीच्या लग्नाआधी सुटलं."

"बावीस," अण्णा म्हणाले.

भरतेश काकूंच्या बोटांकडे बघत राहिला. बोटं जोंधळ्यातून फिरत होती.

"तुम्ही कधी सांगितलं नाही, अण्णा."

"तू पहिल्या दिवशी म्हणालास, अण्णा, काय अक्षर आहे तुमचं." अण्णांनी पेन परत दिलं. "मी मान हलवली."

...

"पगाराचं खातं उघड," अण्णा म्हणाले.

भरतेशनं पानं उलटली. त्याला ती पाठ होती, तरी तो बोट ठेवून वाचत गेला.

"शिपाई, बाबू कांबळे. महिना एकशे ऐंशी. बारा महिने. दिवाळी पन्नास." त्यानं पान उलटलं. "टायपिस्ट, शहापुरे. आठवड्यातून दोन दिवस. नव्वद." आणखी एक पान. "पाणी भरणारी, गंगूबाई. तीस."

"पुढं?"

"पुढं बेरीज आहे."

"कुणी लिहिलीय?"

भरतेशनं वही मिटली. फडक्याची गाठ मारायला त्याला वेळ लागला. मारून झाल्यावर वही कपाळाला लावायची की नाही ते त्याला कळेना. तो ती तशीच दोन्ही हातांत धरून उभा राहिला.

"काकू," तो म्हणाला, "तुम्हाला कधी वाटलं नाही?"

"काय?"

"की... आपलं नाव..."

काकूंनी मान वर केली. डोळे त्याच्याकडे होते, पण नजर जरा बाजूला पडत होती.

"बेरीज जुळायची, बाळ," त्या म्हणाल्या. "मग वाटायचं, जुळली."

भरतेश खुर्चीत बसला. मघाशी आल्याआल्या जसा बसला होता तसा नाही, कडेला. टेबलावरच्या आपल्या तीन वह्या त्यानं एकावर एक रचल्या. मग पुन्हा वेगळ्या केल्या.

"उद्या बँकेत जातो," थोड्या वेळानं तो म्हणाला. "वहीला हात लावत नाही. गिरणी कोण चालवत होतं आणि वहीत नाव का नाही, ते लिहून देतो. चूक माझी, असंही लिहितो. सहीनिशी."

"दे."

"साहेब ऐकेल?"

अण्णांनी तिन्ही वह्या त्याच्याकडे सरकवल्या.

"आणि राजमतीकाकींना काय सांगू?"

"गिरणी बंद असेल तेव्हा जा," अण्णा म्हणाले. "ऐकू येईल."

भरतेश बसून राहिला. त्याला आणखी काहीतरी हवं होतं. उपाय म्हणा, शिक्षा म्हणा. दोन्हींपैकी जे मिळेल ते घेऊन तो गेला असता.

"अण्णा, ह्याची भरपाई कशी करायची?" त्यानं विचारलं. "तुम्ही कशी केलीत?"

अण्णा टेबलाची कड धरून उठले. त्यांचे गुडघे धरलेले आहेत. खाली बसणं डॉक्टरांनी बंद केलंय. भिंतीला हात लावत ते दारापर्यंत गेले आणि एक हात उंबऱ्यावर टेकून, कण्हत, काकूंच्या शेजारी जमिनीवर बसले.

"अहो, खाली कशाला?" काकू म्हणाल्या. "मग उठवायला माणसं बोलवायची का?"

अण्णांनी सुपाची दुसरी कड धरली.

"सरक जरा," ते म्हणाले. "मला अजून खडे दिसतात."

...

पुढच्या नोंदी, कागद माझ्याकडे प्रती काढायला आले त्यावरून.

११ जुलै. भुरभुर. भरतेशनं बँकेला दोन पानी पत्र दिलं. पाच प्रती.

२५ जुलै. दिवसभर पाऊस. राजमती ऐनापुरे यांचा कर्जाचा अर्ज नामंजूर. कारण, अर्जदाराच्या नावे उत्पन्नाचा पुरावा नाही.

१ ऑगस्ट. उघडीप. गाळा जयसिंगपूरच्या एका व्यापाऱ्यानं घेतला. आतली गिरणी, मोटर आणि वजनकाटा त्यानं राजमतीकडून बहात्तर हजारांना घेतले. गिरणी चालवायला तिलाच पगारावर ठेवलं. हिशेबाचं काम भरतेशकडेच.

३१ ऑगस्ट. कोरडं. नव्या मालकाच्या वहीचं पहिलं पान प्रतीसाठी आलं. पगार खाते. राजमती धन्यकुमार ऐनापुरे. महिना एक. रुपये साडेआठ हजार. दिले.