खिंडीतली शेकोटी

बर्फाच्या डोंगराखाली एक गाव होतं, आणि भरल्या गावात रुंजी एकटी होती. वडील नव्हते. आई गावच्या बाप्यांबरोबर मेंढ्या घेऊन खिंडीपलीकडच्या कुरणात गेली होती. बाप्ये परतले, आई नाही. "लंगडं कोकरू घेऊन रखडत होती. येईल मागनं," असं म्हणून ते शेकत बसले. एकदोन दिवसांत बर्फ पडून खिंड बंद होणार, हे त्यांना ठाऊक होतं. कुणी उठलं नाही. मोठी माणसं अशीच! आपली पाठ शेकली, की त्यांना सगळं जग उबदार वाटतं.

मग रुंजीच निघाली.

देवदारांचं रान संपलं. पुढे नुसतं आभाळ, वारा आणि तिची चिमुकली पावलं. वाटेत एक निळंनिळं फूल उगवलं होतं, पाकळ्यांवर दंवाचे इवले मोती. रुंजी त्याला वळसा घालून गेली.

"वळसा कुणीच घालत नाही गं," फुलातून किणकिणता आवाज आला. बोटभर उंचीची परी! पंख जांभळे, चंदेरी, झिलमिल झिलमिल. "एक इच्छा देते तुला. पण खिंडीच्या माथ्यावर उभं राहून मागायची, तीही माथ्यावर ऊन आहे तोवरच."

"थोडा जास्त वेळ दे ना!"

"नियम माझा नाही, राणी. उन्हाचा आहे."

रुंजी धावत सुटली. माथ्याखाली दगडी खोपट होतं. आतून कुणीतरी खेकसलं, "ए पोरी! इकडे ये!"

गावचे तात्या, त्या बाप्यांतलेच! पाय मुरगळलेला, ओठ काळेनिळे.

"तात्या, आईला शोधायला आलात?"

"छे! घोंगडी राहिली होती माझी. बघतेस काय? लाकडं आण, गोठेन मी इथं!"

जाळाल तेवढी लाकडं ठेवून जा, अशी त्या खोपटाची रीत. पण परतताना बाप्यांनी सगळी जाळली होती, मागे काटकीसुद्धा ठेवली नव्हती.

माथ्यावर पातळ सोनेरी ऊन होतं. इच्छा तिथे, वर. लाकडं पार खाली, देवदारांत. रुंजी रडली. आणि रडत रडत खाली पळाली.

मोळी घेऊन आली तेव्हा ऊन गेलं होतं. धुकं दाटलं होतं. तात्यांनी चकमक झाडली, दारात जाळ केला.

परी उंबऱ्यावर येऊन बसली. "इच्छा गेली ना?"

"गेली."

"घोंगडीसाठी आलेल्या माणसापायी?"

"वाईटच आहेत ते," रुंजी मुसमुसली. "पण थंडी वाजत होती ना त्यांना."

"इच्छा आता देता येत नाही मला," परी हळूच म्हणाली. "उजेड देता येतो."

"नको!" रुंजी ओरडली. तोवर परीनं जाळात उडी घेतली होती. गुलाबी, निळ्या, सोनसळी ज्वाळा धुकं फाडत उंच उंच गेल्या. खिंड लख्ख उजळली. क्षणभर त्या उजेडात दोन पंख दिसले, मग नुसता उजेड, मग तोही नाही.

"रुंजेऽऽ!"

पलीकडच्या उतारावरून आई आली, खांद्यावर कोकरू. "धुक्यात वाट चुकले होते गं. उजेड दिसला म्हणून आले." तिनं रुंजीला छातीशी घट्ट धरलं. "एवढ्या वर कुणाबरोबर आलीस?"

"कुणाबरोबरच नाही."

आईनं तात्यांकडे पाहिलं. तात्या जाळाकडे बघत राहिले.