हातावर आलेला ठिपक्या

पूर्वी हिमवंताच्या पायथ्याशी राजा भीमरथ राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने ओढ्याकाठच्या एका वाडीत मासेमाराच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव वेणुक. त्याला मासेमारीचे भलते वेड! गळाची काठी हातात आली की जेवणाचीही शुद्ध राहत नसे.

त्याचे लग्न सुयामाशी ठरले होते. वाडीची रीत अशी, की ज्येष्ठ सरायच्या आत नवरदेवाने ठिपक्या मासा गळाने धरून सासूच्या हातावर ठेवायचा. मासा नाही तर मुलगी नाही. एरवी हा नुसता पोरखेळ असे. पण त्या वर्षी उन्हाने कहर केला. ओढा आटला, पाणी कोमट झाले आणि मासे कुठे गडप झाले ते कोणालाच कळेना. ज्येष्ठाचा शेवटचा दिवस उजाडला, तरी वेणुकाचे हात रिकामेच होते.

भर दुपारी तो ओढ्यातून अनवाणी वर चालला होता. एका कातळाखाली पाय पडला आणि तो दचकलाच. पाणी रांजणातल्यासारखे गार! कातळाच्या पोटातून झरा फुटत होता. वाकून पाहतो तर काय, साऱ्या ओढ्यातले ठिपक्या मासे तिथे दाटीवाटीने उभे, एकमेकांना खेटून, तोंडे झऱ्याकडे करून!

"सुयामे, झालंच समज आपलं लग्न!" तो मोठ्याने बोलून गेला. त्याने गळाला नाकतोडा टोचला आणि दोर सोडला.

दोर पाण्याला टेकतो न टेकतो तोच हिसका बसला. काठी वाकून कमान झाली. केवढा मासा! वेणुक ओरडत होता, घसरत होता, हसत होता. पण दोन हिसके देऊन मासा एकदम ढिला पडला. असे कधी झाले नव्हते. ठिपक्या कसा, शेवटपर्यंत भांडायचा. वेणुकाने त्याला ओल्या हातांनी उचलले. कल्ले भराभर हलत होते, अंगात मात्र त्राण नव्हते. तेव्हा त्याच्या ध्यानात आले. मासे इथे चरायला जमले नव्हते. जीव वाचवायला त्यांना एवढीच हातभर गार जागा उरली होती.

वेणुकाचे डोळे भरून आले. 'एकच तर नेतोय,' असे मनात आले. सुयामाही आठवली. तरी त्याने गळ अलगद काढला, माशाचे तोंड झऱ्याकडे धरले आणि तो सावरेपर्यंत तसाच वाकून राहिला. अखेर शेपटीचा फटकारा मारून मासा निसटला, आणि वेणुक पुन्हा ओरडला, मघापेक्षाही मोठ्याने.

सुयामाच्या दारात सगळी वाडी जमली होती. तिची आई धनिष्ठा हात पुढे करून उभी होती.

"काय रे, मासा कुठाय?"

"धरला होता, मावशी. सोडून दिला."

लोक खो खो हसले. त्याचा जिवलग मित्र तुंबर कळवळून म्हणाला, "अरे, जागा तरी सांग! आत्ता जाळं टाकतो आणि तुझा शब्द खरा करून दाखवतो."

जागा सांगितली असती तर लग्न झाले असते, आणि संध्याकाळपर्यंत झरा रिकामा झाला असता. सुयामा दाराआडून पाहत होती.

"जागा नाही सांगणार," तो म्हणाला. "रागावू नका, मावशी. उन्हानं बेजार होऊन दडलेत ते."

धनिष्ठेने आधी त्याच्याकडे, मग त्याच्या हाताकडे रोखून पाहिले. मग आपला घामेजलेला तळहात त्याच्या तळहातावर दाबला. उचलला तेव्हा तिच्या हाताला एक खवला चिकटून आला होता, चकाकणारा, काळ्या ठिपक्याचा.

"आला की मासा हातावर!" ती म्हणाली. "थोडाच आला. बाकीचा राहू दे ओढ्यात. सुयामे, ये बाहेर."

एवढी पूर्वजन्मीची कथा सांगून भगवान शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाची धनिष्ठा म्हणजे आपल्याला रोज भिक्षा वाढणारी म्हातारी उपासिका. तुंबर म्हणजे आज पात्र अर्धेच भरले म्हणून कुरकुरणारा हा भिक्षू. थोडक्यात समाधान त्याला तेव्हाही नव्हते. आणि वेणुक तो मीच. आश्रयाला आलेल्याचा ठावठिकाणा आपल्या सुखासाठीही सांगू नये, हीच मैत्रीपारमिता, मैत्रीची परिपूर्णता."