माती मुरू दे

"…मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर, वस्ताद? काट्यावर, का माझ्या घामावर?"

तुम्ही कुणावर ठेवला असता, मंडळी? आधी बिभीषणची बाजू ऐका, मग ठरवा. पैलवान चौऱ्याहत्तर किलोच्या गटातला. निवड चाचणी बारा दिवसांवर. मागल्या वर्षी एका किलोपायी गडी काट्यावरूनच माघारी आला होता, अंगाला माती लागली नाही. यंदा हुकलं तर लंगोट खुंटीला टांगायचा, असं त्यानं घरी सांगून टाकलेलं. महिनाभर भाकरी निम्मी केली. आणि आज भुसार दुकानातल्या काट्यानं सत्त्याहत्तर दाखवलं. गेल्या आठवड्याहून अर्धा किलो जास्तच!

गफूर वस्ताद तालमीच्या पायरीवर बदाम सोलत बसले होते. सत्तरी उलटलेली, कान कुस्तीत मोडून घट्ट झालेले.

"वही आण."

बिभीषणनं वही पुढं केली. एकीकडं खाणं, दुसरीकडं मेहनत. अक्षर मोत्याचं.

"दुपारनंतर काही लिहिलेलं दिसत नाही."

"खातच नाही, वस्ताद."

वस्तादांनी त्याच्या मिशीत अडकलेलं शेंगदाण्याचं साल दोन बोटांनी उचललं आणि अलगद वहीच्या पानावर ठेवलं.

…

"हात आपोआप जातो, वस्ताद. मूठभरच."

"मूठ तुझी, का हत्तीची?"

"…पिशवी संपते."

"झोपतोस किती?"

इथं मात्र बिभीषणची छाती फुगली. "चार तास! दोनला उठतो. सगळी तालीम घोरत असते, तवर माझ्या हजार बैठका होतात. झोपून कुणाचं वजन उतरलंय का?"

कुठल्याही दुकानदाराला विचारा. जागरण करून आलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. फरसाण दिसलं फरसाण, गूळ दिसला गूळ. पिशवी भरतं आणि वर विचारतं, अजून काय आहे? दुकानदार गल्ल्यावर बसून गालात हसतो.

वस्तादांनी कोपऱ्यातलं फावडं आणून त्याच्या हातात दिलं.

"आखाड्याची माती खण."

"आज? कालच तर ताक, तेल, हळद घातलंय. मुरू तरी द्या की."

"आणि मुरू न देता रोज उकरली तर?"

"मग पीतच राहते, वस्ताद. वरून कितीही ताक ओता, कोरडीच. तुम्हीच तर शिकवलंय, मातीला पडून राहू…"

बिभीषण मधेच थांबला.

…

वस्तादांनी घोंगडं झटकलं आणि सावलीत अंथरलं.

"आत्ता? भर दुपारी? पोरं हसतील!"

"हसू देत. आणि रात्री नऊला अंथरुणात. पाचच्या आत उठलास, तर ही पायरी चढायची नाही."

"आणि हजार बैठका?"

"सकाळी पोरांबरोबर. होतील तेवढ्या."

"दुसरे पुढं जातील हो…"

वस्ताद पुन्हा बदाम सोलू लागले.

बिभीषण उभाच. गेल्या वर्षीचा तो काटा डोळ्यांपुढून हलेना. नुसता एक किलो. शेवटी त्यानं जबडा आवळला, फावडं भिंतीला टेकवलं.

"बारा दिवस. ठरलं."

आडवा झाला. डोळे मिटून पडायला हजार बैठकांहून जास्त जोर लागला, पण मिटले ते उघडले नाहीत. थोड्या वेळानं तसाच पडल्या पडल्या पुटपुटला, "वस्ताद… वहीत लिहू काय? झोपणं ही काय मेहनत झाली?"

वस्तादांनी पानावर तिसरा रकाना आखला आणि वही त्याच्या छातीवर ठेवली.

"वजन लिहू नको, ते काटा लिहील. तू झोपलेलं लिही, शेंगदाणे लिही… पण एवढं कर लेका, खरं लिही."