धूर न देणारा कोळसा

ही गोष्ट मी लहानपणी ऐकली. ज्यांच्याकडून ऐकली ते आता हयात नाहीत, त्यामुळे पडताळून पाहायला कोणी उरलेले नाही. मधल्या वर्षांत मी हिच्यात कुठे डागडुजी केली नसेलच, असे छातीठोकपणे मला सांगवत नाही. कोण आधी बोलले, कोण नंतर, यात माझी गल्लत होत असेल. शेवट मात्र मी बदललेला नाही. बदलता आला असता तर फार पूर्वीच बदलला असता.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि डोंगरावर एका शेठची भट्टी होती. भट्टीत कोळसा जळतो, त्याची वीज होते आणि ती तारेवरून आपल्याकडे येते, हे गावातल्या पोरांनाही माहीत होते. विजेचा भाव आधी दर दिवाळीला वाढे. मग दर सणाला वाढू लागला. शेठ प्रत्येक वेळी हात जोडून सांगत, कोळसा महाग झाला, मी तरी काय करू.

एकदा एका म्हाताऱ्याने विचारले, "शेठ, कोळसा जळतो म्हणता, मग भट्टीतून धूर कसा दिसत नाही?"

शेठ हसले. "चांगला कोळसा धूर देत नाही, आजोबा. म्हणून तर महाग."

हे उत्तर गावाला इतके आवडले की लोक ते पाहुण्यांना ऐकवू लागले. तुमच्याकडचा कोळसा धुराचा, आमच्या शेठचा बिनधुराचा. भाव वाढला तरी त्यांना त्याचा अभिमान वाटे.

शेठची वीज यायच्या आधीपासून गावात उन्हाच्या पाट्या होत्या. प्रत्येक छपरावर एक काळी पाटी आणि घरात तिला जोडलेली एक पेटी. दिवसा पाटीवर ऊन पडे, त्याची वीज पेटीत साठे. ज्याचे छप्पर मोठे त्याची पेटी मोठी. पेटी भरून उरलेली वीज त्याच तारेवरून डोंगरावर जाई, आणि शेठ ती कवडीमोलाने घेत. "भर दुपारी तुमच्या विजेचं मी करू काय?" असे म्हणत, जणू गावावर उपकारच करत होते. संध्याकाळी मात्र सगळ्यांच्या चुली, दिवे, पंप एकदम सुरू होत. लहान घरांच्या पेट्या बघता बघता रिकाम्या होत. तेव्हा शेठ वीज खाली सोडत, दुपारच्या कितीतरी पट भावाने.

या गावात एक पिल्लेवाली होती. गावातल्या कोंबड्या खुडूक होऊन अंड्यांवर बसल्या की अंडी देणे थांबवत, म्हणून लोक त्यांना बसू देत नसत. अंडी पिल्लेवालीकडे आणून देत. तिची एक उबेची खोली होती. तिथे दिव्यांच्या उबेत ती अंडी उबवी, पिल्ले ज्याची त्याला देई आणि राखणावळ म्हणून त्यातली थोडी स्वतःला ठेवी. कुणाचे अंडे कुठले हे तिला पक्के ठाऊक असे. तिच्याकडे दुसरे काही नव्हते, शेत नाही, माणूसही नाही. होता तो तिच्यावरचा गावाचा विश्वास.

त्या वर्षी थंडी कडक पडली आणि नेमका तेव्हाच शेठने संध्याकाळचा भाव तिप्पट केला. पिल्लेवाली डोंगरावर जाऊन विनवण्या करून आली. शेठ म्हणाले, कोळशाला दयामाया नसते, बाई.

गावात सुताराची सून होती, शिकलेली आणि लांबच्या गावाहून आलेली. तिने गावाला बोलावून सांगितले की मोठ्या घरांच्या पेट्या सकाळपर्यंत अर्ध्या भरलेल्या राहतात आणि लहान घरांच्या दिवेलागणीलाच संपतात. तार तर घराघराला जोडलेली आहेच. ज्याच्याकडे उरते त्याने संध्याकाळी थोडी सोडायची, ज्याला कमी पडते त्याने घ्यायची. कुणाच्या पेटीतून केव्हा किती जाईल हे पाहणारे एक यंत्र ती बसवील. मग डोंगराकडे तोंड वेंगाडायला नको.

वाण्याने विचारले, "पण हे वीजघर बांधणार कुठे?"

"बांधायचं नाही, काका. थोडं तुमच्या घरात आहे, थोडं माझ्या. सगळं मिळून एक."

"म्हणजे दिसणार नाही."

"नाही."

"न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवायला आमच्याकडे देव आहेत, सूनबाई."

सगळे हसले. पण मोठ्या घरच्या काकू हसल्या नाहीत. गावातले सर्वांत मोठे छप्पर त्यांचे. त्या म्हणाल्या, "माझी पेटी उरते ते खरं आहे. घे माझी." काकूंनी दिली म्हणताना वाण्यानेही दिली, आणि मग सगळ्यांनीच दिली. प्रत्येक पेटीला एक खटका होता. तो चालू ठेवायचा, एवढेच काम.

त्यानंतरच्या काही संध्याकाळी गावाने डोंगरावरून काहीच घेतले नाही. उबेची खोली रात्रभर उबदार राहिली. अंड्यांचे शेवटचे दिवस होते. आतले पिल्लू कवच फोडण्याआधी कवचाच्या आतूनच चिवचिवते. पिल्लेवाली पोरांना बोलावून अंडे त्यांच्या कानाला लावी आणि विचारी, "काय म्हणतंय?" पोरे म्हणत, भूक लागली म्हणतंय.

मग शेठ खाली आले. ते भांडले नाहीत, कुणाला धमकी दिली नाही. मोठ्या घरी गेले, चहा घेतला, काकूंच्या पाटीचे कौतुक केले आणि उठता उठता म्हणाले, "काकू, तिन्हीसांजेला तुमच्या घरातलं बाहेर जातं म्हणे रोज. माझं काही नाही. आपलं कानावर आलं म्हणून बोललो."

तिन्हीसांजेला काकूंनी जन्मात कधी कुणाला मीठ दिले नव्हते, दही दिले नव्हते, सुई-दोरासुद्धा दिला नव्हता. तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत काही दिले तर लक्ष्मी जाते, हे त्यांना आईने सांगितले होते, आईला तिच्या आईने. आणि इथे त्या रोज दिवेलागणीला भरली पेटी उघडी ठेवत होत्या. त्याच संध्याकाळी त्यांनी खटका बंद केला. काकूंनी बंद केला हे शेजारणीने पाहिले, तिने केला. मग वाण्याने केला. दिवे लागेपर्यंत सुताराचे आणि पिल्लेवालीचे घर सोडून सगळ्या गावाचे खटके बंद झाले होते.

पण पेटीला खटका एकच होता. तो बंद केला की वीज शेजाऱ्याला जायची थांबे, तशी स्वतःच्या घरालाही मिळायची थांबे. तेव्हा आपल्या घरात दिवा लावायला प्रत्येकाने शेठची तार चालू केली. तिप्पट भावाने. लक्ष्मी बाहेर जाऊ नये म्हणून.

इथवर आलो की मला दर वेळी राग येतो. शेठचा राग सोपा आहे. लुटायला बसलेला माणूस लुटणारच. पण भरलेली पेटी उशाशी ठेवून डोंगरावरून उजेड विकत घेणाऱ्या गावाचे काय करायचे? दुपारी डोंगरावर फुकापासरी दिलेले चालत होते. संध्याकाळी डोंगरावरून घेतलेले चालत होते. संध्याकाळी शेजारणीला दिलेले तेवढे चालत नव्हते. गावातल्या एकालाही यात काही विचित्र दिसले नाही.

डोंगरावरून गार वारा सुटला होता. सुताराची पेटी आणि पिल्लेवालीची पेटी, दोन्ही मिळून थोडा वेळ पुरल्या असत्या, फार नाही. तिप्पट भावाची वीज रात्रभर घेणे पिल्लेवालीला परवडणारे नव्हते. सून आणि ती दारोदार निघाल्या. कुणी दार उघडून हळू आवाजात सांगितले की उजाडताच देतो, हवी तेवढी घ्या. कुणी आतूनच सांगितले. वाणी म्हणाला, मोठ्या घरी विचारा, त्यांनी दिली तर माझी ना नाही.

काकू देवापाशी वात लावत होत्या. त्यांनी दोघींना आत बोलावले नाही, पण परत जा असेही म्हटले नाही.

"काकू, खटका उघडा. उबेच्या खोलीत तुमचीही अंडी आहेत," सून म्हणाली.

"असू देत. मी कुठं नाही म्हणते? सकाळी ने."

"सकाळी सूर्य असतो, काकू. सकाळी कशाला लागेल?"

"तुझ्या माहेरी नसेल पाळत. आमच्याकडे पाळतात."

पिल्लेवालीने पदराआडून एक अंडे काढले आणि काकूंपुढे धरले. "कानाला लावून बघा. बोलतंय."

काकूंनी हात पुढे केला नाही. वातीकडे बघत म्हणाल्या, "तिन्हीसांजेची वेळ आहे, बाई. आत्ता नको."

उबेच्या खोलीतले दिवे आधी पिवळे झाले, मग लाल, मग गेले. दोघींनी गोधड्या पांघरल्या, गवत पसरले, अंडी पोटाशी घेतली. दोन बायकांच्या पोटाशी अशी किती मावणार.

सकाळी गाव शब्दाला जागले, हे मात्र मान्य करायला हवे. उजाडताच घरोघरचे खटके उघडले आणि उबेच्या खोलीतले सगळे दिवे एकदम लागले, इतके लखलखीत कधीच लागले नव्हते. पिल्लेवाली एकेक अंडे उचलून कानाला लावत होती आणि खाली ठेवत होती. दुपारपर्यंत तिचे तेच चालले होते. पोरे दारात उभी होती, पण तिने कुणाला बोलावले नाही.

ती संध्याकाळपर्यंत थांबली. दिवेलागण झाल्यावर टोपली घेऊन निघाली आणि ज्याची अंडी त्याच्या उंबऱ्यावर ठेवत गेली. एकाचीही अदलाबदल झाली नाही. मोठ्या घराशी आली तेव्हा काकू दारातच होत्या. तिने अंडी उंबऱ्यावर मांडली, थंडगार, अखंड, आणि विचारले,

"तिन्हीसांजेला घ्यायला चालतं ना, काकू?"

पिल्लेवाली तशीच पुढे चालत गेली आणि त्या गावात पुन्हा आली नाही. सुताराच्या सुनेने आपले यंत्र काढून माळ्यावर टाकले. पुढच्या सणाला शेठने भाव वाढवला. कोळसा महाग झाला होता.

कुणी म्हणतात, त्यानंतर काकूंनी आपला खटका कधीच बंद केला नाही. मला ते नीट आठवत नाही. माझ्याच मनाने नंतर जोडले असेल. खरे असले तरी घ्यायला तेव्हा कोणी उरले नव्हते.

तात्पर्य काढायचेच तर मी असे काढतो: शेजाऱ्याला नड असते त्याच वेळी जो रीत आठवतो, तो लक्ष्मी राखत नाही, तो लुटणाऱ्याचे दुकान राखतो. हे फार कडक झाले असेल तर मुलांना सांगताना सौम्य करावे. मला जमलेले नाही.

गोष्ट खरी की रचलेली, याचा छडा मला कधी लागला नाही. पण पुष्कळ वर्षांनी, पाय चालत होते तोवर, त्या डोंगरावर जाऊन आलो. झाडांचे शास्त्र जाणणारा एक मित्र बरोबर होता. भट्टीच्या मागच्या खोलीत भिंतभर पेट्या रचलेल्या होत्या, आणि त्यांना जोडलेली प्रत्येक तार खालून, गावाकडूनच वर आलेली होती. भट्टीच्या तोंडात पिंपळ होता. त्याचे खोड दोघांच्या कवेत मावेना. मित्राने ते फिरून फिरून पाहिले आणि सांगितले की गावात पहिली पाटी आली तेव्हाही हा पिंपळ इथे चांगला वाढलेला असणार. मुळांमधली राख मी काठीने उकरून पाहिली. राख नव्हतीच, माती होती.