कंपिल्लची भेरी थांबली

कंपिल्ल नगरात जितसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने भेरी वाजवणाऱ्यांच्या कुळात जन्म घेतला होता. त्याचे नाव सुघोष. चाळिशीत तो राजाच्या भेरीशाळेचा मुख्य झाला. राजवाड्याच्या महाद्वारावरचा सज्जा ही त्याची जागा. तेथले वीसही वादक त्याच्याच हाताखाली शिकलेले.

एकदा जितसेनाने नदीपलीकडच्या शत्रूचा पराभव केला. परत येताच त्याने आज्ञा दिली, "विजयाची भेरी वाजू द्या. मी सांगेन तोवर थांबवू नका."

लोकांना वाटले, आठ दिवस चालेल. तीन वर्षे झाली. रात्र असो की दिवस, घटकेघटकेला भेरी दुमदुमे. तान्ही मुले दचकून उठत. गाई पान्हा चोरू लागल्या. नवराबायको साधे बोलायचे तरी ओरडून बोलत, आणि ओरडून बोलले की भांडण ठरलेलेच. सुघोषाला हे सारे दिसत होते. त्याच्या स्वतःच्या कानांत झोपेतही भेरी घुमे. पण राजाज्ञा होती. तो वाजवीत राहिला.

एके सकाळी एक बाई सज्ज्याच्या पायऱ्या चढून वर आली. ती एका बुरुडाची बायको होती, कण्हा नावाची. ती सरळ सुघोषापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, काल न्यायसभा चालू होती तेव्हा तुम्हीच वाजवत होता का?"

"मीच. का ग?"

"कोठारात चोरी झाली म्हणून माझ्या नवऱ्याला धरलंय. चोराला पाहिलं होतं एका पहारेकऱ्यानं. अमात्यांनी त्याला विचारलं, 'चोर हाच का?' तो म्हणाला, 'हा नव्हे.' पण 'हा' म्हणाला आणि तुमची भेरी सुरू झाली. पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. उद्या त्याचा हात तोडणार आहेत. बिनहाताच्या बुरुडानं टोपली कशी विणायची?"

"पहारेकऱ्याने पुन्हा सांगितलं नाही?"

"सांगितलं की. भेरी थांबेपर्यंत सभा उठली होती. आता त्याला कोण आत घेतं?"

घटका भरत आली होती. वादक सज्ज होऊन त्याच्याकडे पाहत होते. त्याने टिपऱ्या खाली ठेवल्या आणि तो म्हणाला, "आजपासून मी वाजवणार नाही. तुम्ही आपापले ठरवा."

घटका भरली. एकाही वादकाने हात उचलला नाही. खाली बाजारात माणसे बोलता बोलता थांबली आणि वर पाहू लागली.

राजाच्या शिपायांनी सुघोषाला धरून आत नेले. जितसेन येरझारा घालत होता. त्याचा चेहरा घामाने भिजला होता.

"वाजव!"

"नाही, महाराज."

"हात तोडीन तुझे."

"तोडा. माझ्या एका टोल्यापायी एका निरपराध माणसाचा हात चालला आहे. त्याच्याऐवजी माझे दोन्ही घ्या. पण हे हात आता ती भेरी वाजवणार नाहीत."

राजाने तलवार उपसली. सुघोष जागचा हलला नाही. दालन इतके शांत झाले की बाहेरच्या पिंपळाची पाने सळसळताना ऐकू आली. राजाने दोन्ही हातांनी कान झाकले. तलवार खाली पडली आणि राजाही तेथेच खाली बसला.

"तुला ठाऊक नाही," तो म्हणाला. "भेरी थांबली की वसुमित्र हाक मारतो."

वसुमित्र हा राजाचा धाकटा भाऊ. नदी ओलांडताना त्याचा घोडा प्रवाहात सापडला. 'दादा, दादा' म्हणून तो ओरडत होता. शत्रू पळत होता म्हणून जितसेनाने मागे वळून पाहिले नाही. विजय मिळाला, भाऊ बुडाला.

"तीन वर्षे आपण त्याला बोलू दिलं नाही," सुघोष म्हणाला. "आज ऐकून घ्या. मी इथेच बसतो."

सूर्य माथ्यावर येईपर्यंत दोघे तसेच बसून राहिले. राजा लहान मुलासारखा रडला. पुढे डोळे पुसून तो म्हणाला, "कोणाचा हात म्हणालास? त्याला आणा. पहारेकऱ्यालाही आणा. मी स्वतः ऐकतो."

पहारेकरी भीत भीत पुढे आला. "हा नव्हे, महाराज," तो हळूच म्हणाला, आणि ते दाराशी उभ्या असलेल्या कण्हेलाही ऐकू आले. बुरुडाच्या बेड्या काढल्या गेल्या.

त्यानंतर कंपिल्लमध्ये सूर्योदयाला तेवढी भेरी वाजू लागली. राजाने सुघोषाला गाव इनाम देऊ केले. ते न घेता त्याने वेळूबनात एक कुटी मागून घेतली. मनाचा थारा उडालेली माणसे तेथे येत. सुघोष त्यांच्याशेजारी मुकाट बसून राही.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली ती एका भिक्खूसाठी. तो झाडाखाली ध्यानाला बसे, पण शांतता न सोसून लगेच उठून कोणाशी तरी गप्पा मारायला जाई. शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा जितसेन म्हणजे हा भिक्खू. कण्हा म्हणजे आज सकाळी याच्या पात्रात भात वाढणारी उपासिका. भेरीवादक सुघोष मीच होतो." त्या दिवशी तो भिक्खू झाडाखालून उठला नाही. जिवावर बेतले तरी करुणेपोटी केलेला निश्चय न सोडणे, हीच अधिष्ठान पारमी, बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला नेलेला दृढनिश्चयाचा गुण.