गिरजा रंगारणीचा निळा हात

तुमच्या आजोबांचे आजोबा पाळण्यात होते, तेव्हाची ही गोष्ट. कुसवडे गावात गिरजा नावाची रंगारीण राहायची. निळीच्या रांजणात लुगडी बुडवून बुडवून तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. तिने ओल्या बोटाने भिंतीवर मोर काढला, तर पावसाआधी तो मान वळवायचा, असं म्हणतात.

त्याच गावात बिरू धनगर होता. त्याला अक्षर म्हणून येत नव्हतं, पण मेंढरांमागे चालता चालता त्याने गावदेवीच्या सातशे ओव्या जुळवल्या आणि डोक्यात ठेवल्या. तिसरा अमीन नालबंद. घोड्यांना नाल ठोकणारा हा माणूस, पण त्याचं अक्षर असं की वाचणाऱ्याने आधी बघतच बसावं.

या तिघांनी मिळून गावाची पोथी केली. बिरू सांगायचा, अमीन लिहायचा, गिरजा चित्रं काढायची. सात वर्षं लागली. गिरजाने देवीला गावातल्याच बायकांचे चेहरे दिले. लढाईतली देवी तिला पाणवठ्यावर भांडणाऱ्या सोनाई परटिणीत सापडली. सोनाई म्हणे महिनाभर कुणाशी भांडली नाही. देवीला शोभेल असं वागायला नको का?

शेवटची ओवी झाली आणि बिरू आजारी पडला. त्याने गिरजाला बोलावून घेतलं.

"गिरजाक्का, मला लिवता येत न्हाई. माझं नाव कुठं ऱ्हाईल?"

"शेवटच्या पानावर. पहिलं तुझं," गिरजा म्हणाली. "हा माझा शब्द."

अमीनने त्याच दिवशी शेवटच्या पानावर तिघांची नावं लिहिली. बिरूने आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि डोळे मिटले.

आता गावाला इनामदार होता. या माणसाला पत्र धाडायचं तर कारकून लागायचा आणि आलेलं वाचायला दुसरा. पण पोथी राजाच्या दरबारी जाणार हे कळताच त्याला एकाएकी कवित्व सुचलं. त्याने ते शेवटचं पान काढून फाडलं. नवं पान घातलं आणि कारकुनाकडून त्यावर लिहून घेतलं की ही पोथी इनामदारांनी रचली, लिहिली आणि रंगवलीसुद्धा. जगात सगळ्यात सोपी चोरी कुठली, तर ज्याला सही करता येत नाही त्याच्या शब्दांची. ती तेव्हाही होत होती.

गावात कुजबुज झाली. तेव्हा इनामदाराने चैत्री पौर्णिमेला सकाळीच देवळापुढे गाव जमवलं. गिरजाने पोथीवर हात ठेवून सांगावं, की ही पोथी इनामदार सरकारांची. नाहीतर रांजण फोडून तिला गावाबाहेर काढतील.

गिरजा आली ती कमरेवर निळीचं मडकं घेऊन. त्या वासाने पुढच्या रांगेने नाकाला पदर लावले. मडकं कशाला आणलं, असं कुणी तरी विचारलं. नीळ जागी झालीय, तिला एकटं टाकून कशी येऊ, असं ती म्हणाली. रंगारी निळीला जिवंतच मानतात.

"गिरजे, हात ठेव आणि बोल," इनामदार म्हणाला.

गिरजाने मडक्यात हात बुडवला आणि तो ओला हात शेवटच्या पानावर टेकवला. हात उचलला, तर कागदावर पंजा उमटलेला, कोवळ्या पानासारखा हिरवा.

इनामदार हसला. "हे काय, शेवाळ?"

गिरजा म्हणाली, "थांबा सरकार. त्याला वारा लागू दे."

रंगाऱ्यांना ठाऊक असतं, की नीळ मडक्यातून हिरवी निघते आणि वाऱ्यावर निळी होते. गावाला ते ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो पंजा निळा होत गेला, पाचही बोटं, हातावरच्या रेषासुद्धा. आणि त्याच्याखाली काजळाच्या शाईने लिहिलेलं इनामदाराचं नाव विरघळून पानावरून खाली ओघळलं. असं म्हणतात, की त्याच क्षणी पोथीच्या प्रत्येक चित्राखाली एकेक निळा पंजा आपसूक उमटला. सोनाई परटीण म्हणे उठून उभी राहिली, अगदी चित्रातल्यासारखी, आणि तिच्यामागे गाव उभं राहिलं. इनामदाराला तेवढ्यात घरी काम आठवलं.

गिरजाने पान अमीनपुढे सरकवलं.

"लिही, अमीनभाई. आधी बिरू."

गिरजा गेली तेव्हा तिच्या अंगाचा सगळा रंग उतरला, पण उजवा तळवा निळाच राहिला, असं म्हणतात. कुसवड्यात चैत्री पौर्णिमेला आजही पोथी निघते आणि ती शेवटच्या पानापासून वाचतात. आधी नावं: बिरू धनगर, अमीन नालबंद, गिरजा रंगारीण. मग देवी. देवीची त्याला हरकत नसते. गावातलं पोर पहिल्यांदा चित्र काढतं किंवा गाणं जुळवतं, तेव्हा आई त्याचा तळवा निळीत बुडवून दारावर उमटवते. आणि बाहेरचा कुणी पाहुणा पारावर बसून गोष्ट सांगायला लागला, तर म्हाताऱ्या त्याला मध्येच अडवतात.

"गोष्ट ऐकू की. आधी तिचा बिरू कोण, ते सांग."